बाळंतिणीचं दार

२ फेब्रुवारी

रुम्याना,

तुमच्याकडे माणसं-सामान ने-आण करणाऱ्या टोशोच्या गाडीतून चार बरण्या पाठवते आहे. दोन भाजक्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या, एक प्लमच्या मुरंब्याची आणि एक खारवलेल्या कोबीची. कोबी तू सांभाळतेस त्या म्हाताऱ्या सिन्योराला देऊ नकोस, त्या वयाच्या पोटाला तो झेपत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. दीड वर्ष दिलं नाहीस, म्हणून मी मेले नाही.

इकडे नदीवरून वारा येतो तेवढी थंडी आहे. लाकडं मार्चअखेरपर्यंत पुरतील असं वाटत होतं, पण यंदा दोन खोल्यांतल्या शेगड्या पेटवाव्या लागतात. खोल्या बंद ठेवल्या की भिंतींना ओल येते, म्हणून. माळ्यावरचा तुझा पाळणाही खाली काढला. नुसता धूळ खात पडला होता. एक दोरी उंदरांनी कुरतडली होती, ती बदलली.

इथे पत्र संपवून पाकीट चिकटवलं होतं. पुन्हा उघडलं. टोशोच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो तुला सांगणारच, त्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. तुझ्या खोलीत एक मुलगी राहते. मिरेला नाव, एकोणीस वर्षांची. गेल्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगा आहे.

जुन्या बालवाडीच्या इमारतीतलं नगरपालिकेचं केंद्र तुला आठवत असेल. आम्हा एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा तिथूनच येतो. आणि ज्यांना घर नाही, माणूस नाही अशा कोवळ्या आयांचंही तिथेच बघतात. दोन्ही कामं एकटी बिल्याना करते, माझ्या मैत्रिणीची ती शेंबडी मुलगी, आता चष्मा लावते आणि सगळ्यांना दटावते. तिच्याच डोक्यातून हे निघालं. ती म्हणाली, "मावशी, एकीकडे रिकाम्या खोल्या आणि अंगणात पडणाऱ्या म्हाताऱ्या, दुसरीकडे पोटुशी पोर आणि डोक्यावर छप्पर नाही. एकमेकींना सांभाळा की." मी काही अंगणात पडले नाही. तिची बोलायची तऱ्हाच तशी आहे.

मुलगी लाकडं आत आणते, माझ्या गोळ्या वेळेवर देते. मी बाळाचं बघते. व्यवहार आहे, दुसरं काही नाही. तुझं कपाट मी उघडू दिलेलं नाही.

आई


१६ फेब्रुवारी

रुम्याना,

तुझा निरोप नाही. बरण्या पोचल्या एवढं टोशोने सांगितलं.

सध्या या घरात माझा कायदा चालतो, आणि तो तुला पाठ आहे. बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही आणि परकं माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही. बाळाचे कपडे सूर्य मावळायच्या आत घरात. दिवेलागणीनंतर घरातून कुणाला मीठसुद्धा द्यायचं नाही. पाळण्याला लसणाची पाकळी, मनगटाला लाल दोरा, आणि मी खोलीत नसेन तेव्हा तिच्या खाटेपाशी केरसुणी. मिरेला अनाथाश्रमात वाढलेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी पाळण्यात डोकावले, तीनदा थुंकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पू, पू, पू, काय हा कुरूप! कोंबड्या हगोत याच्यावर." ती ओक्साबोक्शी रडायलाच लागली. मग मी तिला समजावलं की ज्याच्यावर जीव असतो त्यालाच असं म्हणतात, कौतुक केलं तर दृष्ट लागते. तुलासुद्धा मी वर्षभर हेच ऐकवून झोपवलं आहे. आता ती दिवसभर तेच म्हणत असते, इतकं की मलाच कंटाळा आलाय.

तर नियम कडक होते. दवाखान्यातली नर्स आली, मी तिला फाटकावरूनच परतवून लावलं. डबा आणणारा गांचो तुला माहीतच आहे, शाळेत तुझ्या मागे बसायचा तो. तो बिचारा डबा बाहेरच्या बाकावर ठेवतो आणि हाक मारून निघून जातो, आत डोकावतसुद्धा नाही. शेजारणी विचारून विचारून दमल्या. मी कुणाला दाद दिली नाही.

मंगळवारी दार वाजलं. बाईचा आवाज, अनोळखी. मी आतूनच म्हणाले, "घरात कोणी नाही." मग बोलतंय कोण, हे मला सुचलंच नाही. बाई म्हणाली, ती बालसंरक्षण कार्यालयातून आली आहे, बाळाला बघायचं आहे. मी म्हटलं, इथे बाळबीळ काही नाही. आणि नेमकं त्याच वेळी आत आमच्या महाराजांनी भोकांड पसरलं. मग फाटक वाजलं आणि मोटार सुरू झाली. मला वाटलं, आपण काम फत्ते केलं. मागे वळून बघते तर मिरेला भिंतीला टेकून उभी, स्वतःच्या तोंडावर हात दाबून, कागदासारखी पांढरी.

दुसऱ्या दिवशी बिल्याना आली. फाटकाबाहेरच उभी राहिली आणि तिथूनच मला झाडलं. "मावशी, दोब्रेवाबाई बाळाला न्यायला नव्हत्या आल्या. ते नीट आहे की नाही एवढंच बघायला आल्या होत्या. आता त्यांच्या अहवालात गेलंय की मूल लपवून ठेवलं आहे."

मी म्हटलं, चाळीस दिवस झाले नव्हते. ती म्हणाली, कायद्याला चाळीस दिवस कळत नाहीत. मी म्हटलं, मग त्या कायद्याला आई नसेल. त्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने विचारलं, दवाखान्यातून घरी आल्यापासून हे मूल तुमच्या दोघींशिवाय कुणी पाहिलं आहे? नर्सने? गांचोने? शेजारणींनी? मला एकही नाव सांगता आलं नाही. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून मी त्याला सगळ्या गावाच्या दृष्टीआड ठेवलं, आणि आता तेच अंगाशी आलं. मुलाला मिरेलापासून काढून घेतील अशी बिल्यानाला धास्ती वाटते आहे. मलाही वाटते आहे, तुला सांगायला काय हरकत?

एक राहिलं. डिसेंबरात मी अंगणात पडले होते. गांचो डबा घेऊन आला तोवर तशीच बर्फात पडून होते. मोडलं काही नाही. पण तेव्हापासून बिल्याना म्हणते, एक तर घरात माणूस हवं, नाहीतर वृद्धाश्रम.

आई


२३ फेब्रुवारी

रुमी,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. बरण्या नाहीत, बनवायला वेळ नव्हता.

बिल्याना जाऊन दोन दिवस झाले असतील. सकाळी मी उठले तर मिरेला कोट घालून तयार. पिशवी भरलेली, बाळ शालीत गुंडाळलेलं. नऊच्या बसने ती जाणार होती. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. मी दारात उभी राहिले. मी म्हटलं, "आज पळालीस तर ते मूल तू स्वतःच्या हाताने त्यांना देते आहेस. सगळे म्हणतील, बघा, लपवत होती ते खरंच." ती म्हणाली, बाजूला व्हा. मी झाले नाही. त्या पोरीच्या अंगात काय ताकद आहे, मला वाटलं ही मला ढकलून जाणार. मग ती एकदम शांत झाली आणि म्हणाली, "आजी, मला न्यायला आले होते ना, तेव्हा माझ्या आईने दार उघडलं होतं. तात्पुरतं नेतो म्हणाले. मी अठराची होईपर्यंत तात्पुरतीच होते."

मी दारातच खाली बसले. शेवटी तिनेच मला उठवलं. त्यासाठी तिला पिशवी खाली ठेवावी लागली.

मग मी तिला सांगितलं की या वेळी दार आपण उघडायचं, आणि त्यांच्या आधी सगळ्या गल्लीला उघडायचं. जिने उभ्या आयुष्यात एक नियम मोडला नाही तिने हे सांगितलं. चाळीसला अजून बरेच दिवस होते. मी स्वतः फाटकावर जाऊन शेजारणींना हाका मारल्या, गांचोला डबा आत आणायला सांगितला, नर्सला बोलावणं धाडलं. सगळ्या आल्या. एकीमागून एक पाळण्यापाशी गेल्या, थुंकल्या, त्याला माकड म्हणाल्या, बेडूक म्हणाल्या. गांचो तर दोन्ही हातांत डबा धरून तसाच उभा राहिला आणि त्याच्या तोंडून "किती गोड" असं निघून गेलं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठे तो थुंकला.

गुरुवारी दोब्रेवाबाई परत आल्या. बरोबर पोलीस होता, तो गाडीतच बसून राहिला. दार वाजलं तेव्हा मी उठत होते, पण मिरेला म्हणाली, मी उघडते. आणि तिने उघडलं. मी असते तर हे धाडस केलं असतं का, मला नाही सांगता येत.

बाई वाईट नाही, रुमी. मला वाईट असती तर बरं वाटलं असतं. तिने बाळ पाहिलं, नर्सचं म्हणणं ऐकलं, शेजारणींचंही. म्हणाली, बाळ उत्तम आहे, आईबद्दलही माझी तक्रार नाही. पण मग विचारलं, हे घर कुणाचं? मी म्हटलं, माझं. ती म्हणाली, निम्मं. तुझे बाबा गेल्यावर निम्मं घर तुझ्या नावावर झालं, ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं. तुझ्या संमतीशिवाय या पत्त्यावर मिरेलाची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणजे मुलाला घर नाही. उद्या तू येऊन त्यांना बाहेर काढलंस तर? मी म्हटलं, माझी मुलगी असं करणार नाही. ती म्हणाली, तर मग तिला तसं लिहून द्यायला सांगा. सहीवर वकिलातीचा शिक्का हवा, आणि सात मार्चला मी येईन तेव्हा तो कागद हातात हवा. नाहीतर बाळ जिल्ह्याच्या गावी एका पालक कुटुंबाकडे जाईल. तात्पुरतं.

तो शब्द उच्चारताना ती मिरेलाकडे बघत नव्हती.

तर मागणी ही आहे. घर विकायचा तुझा विचार होता, मला माहीत आहे. आई, विकून टाकू, तू माझ्याबरोबर चल, असं तू बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस. आणि मी म्हणाले, तू जा आणि परक्यांच्या आया धू. मी जे बोलले ते बोलले. ते मागे घ्यायला मी हे पत्र लिहीत नाही, आणि तुझ्या सहीच्या बदल्यात गोड बोलणंही मला जमणार नाही. त्या पोरीचा आणि तुझ्या-माझ्या भांडणाचा काही संबंध नाही, एवढंच म्हणते. तिचा विचार कर.

आई


२ मार्च

रुमी,

टोशो आला. तुझ्याकडून काही नाही.

मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं. तू ते गाडीपाशी उभ्या उभ्या वाचलंस, घडी करून खिशात घातलंस आणि त्याला म्हणालीस, "टायर बदलून घ्या, झिजलेत." एवढंच? मी विचारलं. एवढंच, तो म्हणाला.

मिरेलाला मी सांगितलं की तू कागद तयार करते आहेस, वेळ लागतो. खोटं सांगितलं. तिला ते खोटं आहे हे कळलं, आणि आपल्याला कळलंय हे तिने मला कळू दिलं नाही. ती बाळाचे कपडे धुते, वाळवते, इस्त्री करते, घड्या घालते. इतक्या नीट घड्या मी आजवर पाहिल्या नव्हत्या. पहिल्यांदा मला वाटलं, पोरगी टापटीप शिकली. मग लक्षात आलं की ती बाळाची पिशवी भरते आहे. मापाप्रमाणे लावते आहे, आत्ताचे वर, पुढच्या महिन्याचे खाली. म्हणजे जिच्याकडे जाईल तिला शोधावे लागू नयेत.

काल पहिली मार्च, दोरे बांधायचा दिवस. तिने माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, मी तिच्या. बाळाच्या हाताला बांधला. चौथा करून ठेवला होता. मी विचारलं, हा कुणाचा? या पाकिटात आहे तो.

मी विनवण्या करत नाही, तू मला ओळखतेस. पण रुमी, या वेळी करते आहे. तुझ्यासमोर हात जोडते आहे. तू मिलानला वकिलातीत जा.

आई


९ मार्च

रुमी,

काय झालं ते तुला टोशो सांगेलच, आणि त्यात दहा गोष्टी स्वतःच्या घालेल, म्हणून आधी मी लिहिते.

गुरुवारी सकाळपासून मी खिडकीत होते. टोशो दुपारच्या आत पोचतो एरवी. त्याचा पत्ता नव्हता. गांचो डबा घेऊन आला, म्हणाला, सीमेवर ट्रकची रांग आहे. आणि त्याच्या मागोमाग दोब्रेवाबाईंची गाडी. या खेपेला बरोबर पोलीस नव्हता, एक तरुण बाई होती, आणि मागच्या सीटवर बाळाची बैठक बसवलेली. ती बैठक मिरेलाने पाहिली. पाळण्यातून बाळाला उचललं आणि त्याला टोपी घालायला लागली. बंद बांधता येईनात तिला.

मी काय करणार होते? माझ्या हातात एकच गोष्ट होती. बाळंतिणीच्या घरी आलेला पाहुणा तोंड गोड केल्याशिवाय जात नाही. दोब्रेवाबाईही याच नदीच्या काठी वाढलेल्या, त्यांना नाही म्हणता आलं नाही. मी आधी पाणी दिलं. मग मुरंब्याची वाटी काढली, चांदीचे चमचे पुसले. मग कॉफी. कॉफी मी मुद्दाम मंद आचेवर ठेवली. मग म्हटलं, आज चाळीस पूर्ण, आज रोटी मोडायची असते, मोडल्याशिवाय बाळाला घराबाहेर काढायचं नसतं. रोटी भाजायची होती. पीठसुद्धा मळायचं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं. मग शेगडीकडे पाहिलं. त्या सगळं समजून होत्या, रुमी, आणि तरी म्हणाल्या, "मळा, आजी. आम्ही थांबतो."

मी असं पीठ जन्मात मळलं नाही. तरुण बाई दोनदा उठली, दोनदा दोब्रेवाबाईंनी तिला हाताने बसवलं. मिरेला बाळाला घेऊन खाटेवर बसली होती, तिच्या पायाशी ती पिशवी. गांचोला दुसऱ्या घरी डबे द्यायचे होते, ते सगळं गार होत होतं, पण तो दारातून हलला नाही.

रोटी भाजून झाली. मी ती बाळाच्या डोक्यावर धरून मोडली. तुकडे वाटले. बाईंनी आपला तुकडा हळूहळू खाल्ला, अगदी हळूहळू, मुरंबा लावून. मग बोटं पुसली, उठल्या आणि मिरेलाला म्हणाल्या, "चल, बाळ." हे त्या कुणाला म्हणाल्या, पोरीला की त्या लेकराला, मला कळलं नाही. मिरेला उठली. पिशवी तिने स्वतःच उचलून त्या तरुण बाईच्या हातात दिली आणि म्हणाली, "रात्री उजव्या कुशीवर झोपतो." मी पुढे होऊन बाळाच्या टोपीचे बंद बांधले.

सगळे फाटकापर्यंत गेले होते. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. टोशो भोंगा कधी वाजवत नाही, पेट्रोल जळतं म्हणतो. तो गाडी चालू ठेवूनच उतरला आणि पाकीट माझ्या हातात न देता सरळ दोब्रेवाबाईंच्या हातात दिलं. तुझ्या त्या सिन्योराला कुणाकडे तरी सोपवून तू मिलान गाठलंस आणि आदल्या पहाटे त्याची गाडी अडवून उभी होतीस, हे त्याने नंतर सांगितलं. तुझ्या मनगटावर दोरा होता, हेही.

बाईंनी कागद वाचला. सही पाहिली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग कागद उलटा केला. मागे तू काहीतरी लिहिलं होतंस. त्यांनी ते आधी मनात वाचलं, मग कार्यालयातल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू येईल असं मोठ्याने वाचलं: "पू, पू, पू. कोंबड्या हगोत त्या कुरूप पोरावर. माझा पाळणा मोडू नका म्हणावं. रुम्याना."

मिरेला मटकन खाली बसली, तिथेच, चिखलात, बाळाला छातीशी धरून. गांचो रडत होता, तो कशाला रडत होता कोण जाणे. दोब्रेवाबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला, तरुण बाईच्या हातून पिशवी घेऊन माझ्याकडे दिली. मग त्या मिरेलापाशी वाकल्या, टोपी जरा मागे सारली, बाळाकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात तीनदा थुंकल्या.

दीड वर्षाने तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, पाय वाकडे.

पाळणा मोडलेला नाही. दोरी बदलली आहे, ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मिरेला आता माझ्या खोलीत झोपते, बाळाला घेऊन. तुझी खोली काल तिने स्वतः झाडून घेतली. मी सांगितलं नव्हतं. तुझ्या कपाटाची किल्ली तुला माहीत आहे तिथेच आहे.

ईस्टरला सुट्टी मिळते का बघ. मी परक्यांच्या आयांबद्दल जे बोलले ते बोलायला नको होतं, हे आता लिहायला माझा हात अडत नाही. चाळीस दिवस झालेत, रुमी. आता तुला घरात यायला कुठलाच नियम आड येत नाही.

तुझी आई,
वेलिका